एकाच हळदीची दोन दुकानं

गेल्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अगं, तुझ्या बाबांचा फोटो कुणीतरी उचललाय. दुसऱ्याच वेबसाइटवर हळद विकतायत!" फोटो म्हणजे बाबांच्या हातात नुकतंच मोडलेलं हळकुंड, आतला केशरी गाभा लख्ख दिसतोय. मी लिंक मागवली. ती वेबसाइटही आमचीच होती.

सांगलीत गणपती पेठेत आमचं दुकान. दुकानाच्या नावाचं डॉट कॉम आधीपासून होतं. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर एकाने सुचवलं की हळदीच्या नावाचं डॉट इनही घ्या, तोच माल तिथे लावा, गूगलवर दोन जागा मिळतील. पेठेत दोन गाळे असल्यासारखं वाटलं आणि पटलं.

पण शब्दन् शब्द तोच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला, की गूगल त्यातला एक मूळ धरतं आणि बहुतेक वेळा तोच दाखवतं. त्यासाठी शिक्षा होते ही भीती खोटी आहे. मूळ कुठला, हे मात्र तेच ठरवतं. आमच्या हळद पावडरीला डॉट इन आणि बेदाण्याला डॉट कॉम दिसायचं. कुणी आपल्या रेसिपीखाली एका पत्त्याची लिंक दिलेली, कुणी दुसऱ्याची. अशा लिंकांमुळे गूगलच्या नजरेत पानाची पत वाढते; एकाच खात्यात जमायची ती पत दोन खात्यांत वाटली गेली. त्यात भाव एकीकडे बदलला की दुसरीकडे जुनाच राहायचा. काकूंना संशय आला तो त्यामुळेच.

कॅनॉनिकल टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली एक खूण, लावून मूळ पान कुठलं ते गूगलला सांगता येतं. 2009 पासून ही सोय आहे. पण ती विनंती असते, हुकूम नव्हे. शिवाय दोन्ही दुकानं उघडीच राहतात, म्हणजे काकूंचा गोंधळ तसाच. म्हणून मी डॉट इनवरून डॉट कॉमवर 301 रीडायरेक्ट लावला, म्हणजे जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप, कायमचा नव्या पत्त्यावर जातो. सगळी पानं होमपेजवर ढकलली नाहीत. हळकुंडाचं पान हळकुंडावर, बेदाण्याचं बेदाण्यावर, अशी एकेक जोडी वहीत लिहून दोन रात्री बसले. मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे वेबसाइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या साधनात, पत्ता बदलल्याचं कळवलं. काही आठवडे आकडे वरखाली झाले, तेव्हा बाबांना रोज सकाळी समजावावं लागलं.

घाऊक व्यापाऱ्यांसाठी एक आणि घरच्या गिऱ्हाइकांसाठी एक, असा माल, भाव आणि मजकूर खरोखर वेगळा असेल तर दोन डोमेन जरूर ठेवा. आमचं तसं नव्हतं.

रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी डॉट इनचे पैसे दरवर्षी भरणार आहे. तो पत्ता छापलेली पाकिटं अजून कितीतरी घरांत डब्याशेजारी असतील. हळद संपल्यावर कुणी ते पाकीट बघून पत्ता टाइप केला, तर आमचंच दुकान उघडलं पाहिजे.