बर आला म्हणून लगेच पॉवर वाढवू नका

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये फायबर लेझरने 3 मिमी स्टेनलेस कापताना खालच्या कडेला बर (चिकटून राहिलेल्या धातूची खरबरीत कड) येऊ लागला, की ऑपरेटरचा हात आधी पॉवरकडे जातो. दोष बऱ्याचदा तिथे नसतोच. सकाळी माल स्वच्छ निघतो आणि मशीन तापल्यावर बिघडतो? मग कटिंग हेडची (लेझर जिथून पत्र्यावर पडतो तो भाग) संरक्षक काच बघा. डागाळलेली काच तापते, तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) बदलतो, फोकस, म्हणजे किरण एकवटतात तो बिंदू, हेडकडे वर सरकतो. नायट्रोजन कटिंगला (नायट्रोजनच्या झोताने वितळलेला धातू उडवत कापताना) फोकस पत्र्याच्या वरच्या पृष्ठभागाखाली लागतो. तो वर आला की तळाशी कापाची फट अरुंद होते आणि वितळलेला धातू तिथेच चिकटतो.

कॉलेजची ऑप्टिक्स लॅब इथे खरी उपयोगी. नुसती पॉवर मोजून भागत नाही, ती जवळपास तेवढीच दिसते. बीम प्रोफायलरने (लेझर किरणाचा आकार मोजणारं उपकरण) फोकसची जागा दोनदा मोजा: मशीन थंड असताना आणि काही मिनिटं पूर्ण पॉवरवर चालवल्यावर. उपकरण किलोवॉट पेलणारं हवं. शिकवण्याच्या लॅबमधला मिलिवॉटचा सेन्सर क्षणात जळेल (आणि बिल कोणी भरायचं, हे कॉलेजशी केलेल्या करारात लिहिलेलं नसतं).

काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या हवेत तेल असतं.