आमची वाटचाल : वाढदिवसाच्या फलकांपासून अक्कांच्या पोस्टरपर्यंत

बेळगावातल्या बहुतेक छपाईवाल्यांसारखे आम्हीही लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर चाललो होतो. २०१६ मध्ये कर्नाटकात फ्लेक्सवर बंदी आली आणि फलकांचे काम आटले. आम्ही पुन्हा कागद आणि कापडाकडे वळलो. त्याच सुमारास जिल्ह्यातली एक महिला संस्था देवदासी प्रथेविरुद्धच्या पोस्टरचे काम घेऊन आली. आज लोक आम्हाला याच कामामुळे ओळखतात, म्हणून इथे त्याबद्दलच लिहितो.

सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर आमच्याच जिल्ह्यात आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून गाड्या भरभरून येतात. मुलगी देवीला सोडणे, म्हणजे तिला देवदासी करणे, हा कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. सोडणारे आई-वडील किंवा नातेवाईक असतील तर त्या कायद्यात दोन ते पाच वर्षांची कैद सांगितली होती. हे छापलेले कागद यात्रेच्या वाटेवर आधीही लागायचे, पण त्यापुढे कोणी थांबायचे नाही. या वेळी संस्थेने ठरवले होते की ज्या बायका यातून गेल्या, त्यांनीच बोलायचे.

त्या अक्का आमच्या दुकानात बसून बोलल्या. काही कन्नडमध्ये, काही मराठीत, बऱ्याचशा दोन्हींत. एकीने मुलाच्या शाळाप्रवेशाचे सांगितले. अर्जावर वडिलांच्या नावाचा रकाना आला आणि ती पेन हातात धरून बसून राहिली. दुसरीच्या केसांचा लहानपणी गुंता झाला. घरच्यांना वाटले जट आली, देवीचे बोलावणे आले. पुढे संस्थेत ती जट कापली, तेव्हा कित्येक वर्षांनी ती मान न अवघडता झोपली.

ते ऐकल्यावर आमची रीत आपोआप ठरली. एका पोस्टरवर एकच बाई, तिच्या आयुष्यातला एकच प्रसंग, तोही चार-पाच ओळींत आणि तिच्याच बोलीत. त्याखाली कायद्यातली तेवढीच बाब, जी तिच्या बोलण्याला उत्तर देते. रकान्याच्या पोस्टरखाली आम्ही छापले की देवीला सोडलेल्या बाईचे लग्न तेवढ्या कारणाने अवैध ठरत नाही आणि तिची मुले अनौरस ठरत नाहीत. हे १९८२ च्या त्याच कायद्यात लिहिलेले होते, आणि ते वाचून चौकशीला येणाऱ्या बायका संस्थेला भेटल्या. तळाशी मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक, लांबून वाचता येतील एवढे मोठे.

रंगांचा विचार वेगळा करावा लागला. यात्रेत सगळीकडे भंडारा उधळलेला असतो, त्यात पिवळे पोस्टर दिसतच नाही. म्हणून पांढऱ्यावर गडद निळा. देवीचे चित्र आम्ही वापरत नाही. वाट तुडवत आलेल्या भक्ताला हा कागद आपल्या आईविरुद्ध आहे असे वाटता कामा नये. आमचे भांडण मुलीला सोडण्याशी आहे, देवीशी नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो चेहऱ्याच्या प्रश्नात. अल्पवयीन मुलगी असेल तर प्रश्नच नाही : मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तिचे नाव, फोटो, घर, शाळा, काहीही उघड करता येत नाही. मोठ्या बाईचा चेहरा तिची लेखी संमती असेल तरच. पण अंगठा उठवून घेतला म्हणजे संमती झाली, असे मी मानत नाही. प्रूफ आम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवतो, पोस्टर कोणत्या गावांत लागणार तेही सांगतो. मग ती घरी जाऊन विचार करते. भिंतीवरचा कागद उद्या काढता येतो, मोबाईलवर फिरणारे चित्र परत घेता येत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपसाठीच्या नमुन्यात चेहरा नसतोच. हात, पाठ किंवा तिच्या घराचा उंबरा असतो. एका अक्कांनी छपाईच्या आदल्या दिवशी नको म्हटले, मुलीचे लग्न ठरत होते. काम थांबवले. कागदाचा खर्च आम्ही सोसला आणि तो सोसणे योग्यच होते.

या कामात आम्ही नफा धरत नाही, कागद, शाई आणि मजुरी तेवढी घेतो. घर अजूनही लग्नपत्रिकांवरच चालते.

आता निपाणी, खानापूरकडच्या संस्थाही बालविवाहाविरुद्धच्या पोस्टरसाठी येतात. त्यांना आम्ही सांगतो, मजकूर लिहून आणू नका, ज्यांना बोलायचे आहे त्यांना घेऊन या. दोन्ही भाषा बोलणारी मुलगी आमच्या दुकानात आहे, आणि दुपारी दोननंतर मशीन बंद ठेवून आम्ही ऐकायला बसतो.