ऊन अडवून राहिला तू

जानेवारीतील एका दुपारी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर उटण्यासाठी संत्र्याच्या साली वाळत घालताना मला ‘ॲप्रिसिटी’ हा शब्द आठवला. हेन्री कॉकरम याने १६२३ साली काढलेल्या कठीण इंग्रजी शब्दांच्या कोशात त्याचा अर्थ ‘हिवाळ्यातील उन्हाची ऊब’ असा दिला आहे. पुढे हा शब्द कोशांतच पडून राहिला. इंग्लंडच्या हिवाळ्यात त्याचा उपयोग तरी किती होणार! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या नागपूरला उन्हासाठी मायेचा शब्द हवा असेल, हे मात्र बाहेरगावच्या पाहुण्यांना पटत नाही.

लॅटिनमध्ये ‘अप्रिकुस’ म्हणजे उन्हाला मोकळे असलेले. त्याच्या मुळाशी ‘उघडणे’ या अर्थाचे क्रियापद असावे, असे मानतात. त्यावरून ‘अप्रिकारी’, म्हणजे ऊन खाणे. (आपण मराठी माणसे हवा खातो, ऊन खातो, आणि प्रसंगी मारही.) जुन्या कोशकारांनी ॲप्रिकॉटलाही याच घराण्यात घुसवून ‘उन्हात पिकलेले’ फळ ठरवले होते. ते खरे नाही. ते नाव ‘लवकर पिकणारे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ग्रीक आणि अरबी वळणे घेत आले आहे. अशा गोड पण खोट्या व्युत्पत्तींचा मला विनाकारण राग येतो.

आमचे आबाजी हिवाळाभर अंगणात बाज टाकून बसत आणि ऊन सरकेल तशी बाजही सरकवत. संत्री सोलून फोडी आम्हाला देत, बिया मात्र स्वतःच्या मुठीत जमवत. मी समोर उभा राहिलो की म्हणत, “सरक ना बाबू, ऊन अडवून राहिला तू.”

पुष्कळ वर्षांनी रोमन लेखक सिसेरोने सांगितलेली ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिसची गोष्ट वाचनात आली. काही हवे असल्यास माग, असे सिकंदर म्हणाला, तेव्हा त्या फकिराने त्याला उन्हातून थोडे बाजूला व्हायला सांगितले. आणि सिसेरोने तिथे नेमके ‘अप्रिकारी’ हेच क्रियापद वापरले आहे. मला तर त्यात आबाजींचाच आवाज ऐकू आला.

गेल्या वर्षी आमच्या पश्चिमेला चार मजली इमारत उभी राहिली. आता दोन वाजले की ऊन गच्ची सोडते, साली अर्ध्या ओल्याच राहतात, आणि त्या इमारतीला ‘सरक ना बाबू’ म्हणण्याची सोय नाही.