आधी पुस्तक, मग पायवाट, मग परत पुस्तक

यंदा गडांची यादी वाढवायची नाही असं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलं होतं. जिथे जायचं तिथलं आधी काहीतरी वाचायचं, जाऊन यायचं, घरी आल्यावर तेच पुन्हा वाचायचं आणि जमलं तर वेगळ्या ऋतूत परत तिथेच जायचं. ट्रेकच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणाले की अगं तिथे जाऊन आलोय ना आपण, मग कशाला परत, पण मला या वर्षाने जे दिलं ते या परत जाण्यानेच दिलं.

सुरुवात राजमाचीपासून केली, कारण गोनीदांची (गो. नी. दांडेकर) 'माचीवरला बुधा' ही कादंबरी पुन्हा वाचायला घेतली होती. मुंबई सोडून माचीवर राहायला आलेला म्हातारा आणि त्याच्या आजूबाजूची झाडं, पाखरं, जनावरं, एवढंच तर आहे त्यात, पण ते वाचून उधेवाडीत, म्हणजे राजमाचीवरच्या गावात गेलात की श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले 'करायचे पॉइंट' राहत नाहीत, माणूस नुसता माचीवर बसून राहतो. लोणावळ्याकडून येणारी वाट लांब पण सोपी आहे. आम्ही कर्जतकडून कोंडिवड्यातून चढलो कारण वाटेत कोंडाणे लेणी लागतात.

आणि कोंडाण्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय. बहुतेक लोक तिथे पावसाळ्यात जातात, लेण्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली भिजतात, फोटो काढतात आणि वर चढायला लागतात. चैत्यगृहाच्या डाव्या बाजूला एका यक्षाचं भंगलेलं डोकं आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. बस एवढंच. सह्याद्रीत लेण्यांमध्ये लेख खूप सापडतात पण ते बहुतेक दान देणाऱ्यांचे असतात, अमक्या गावच्या अमक्या व्यापाऱ्याने खांब दिला, टाकं दिलं वगैरे. घडवणाऱ्याचं नाव फार क्वचित मिळतं, आणि इथे तर त्याच्या गुरूचंही नाव आहे! दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाला वाटलं की माझ्या नावाआधी गुरूचं नाव यावं, आणि ते त्याने दगडात लिहून ठेवलं. पावसात गेले होते तेव्हा पाण्याच्या आवाजात आणि गर्दीत ती ओळ धड बघताच आली नव्हती, म्हणून डिसेंबरात मुद्दाम परत गेले, कोरडं होतं, माणूस नव्हतं, आणि त्या एका ओळीसमोर मी कितीतरी वेळ उभी होते.

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेचं, नाणेघाटाचंही असंच. त्याआधी वा. वि. मिराशींचं सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचं पुस्तक लायब्ररीतून आणलं होतं, जाडजूड आहे, सगळं समजलं असं नाही पण नाणेघाटाचा लेख मात्र सावकाश वाचला. मुरबाडकडून वैशाखऱ्यावरून चढलं की घाटाच्या तोंडाशी ती गुहा येते, जिथे लोक डबे उघडून बसतात, आणि त्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख आहे, कुठले यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दिली याचा हिशोब, आकड्यांसकट. भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये हे मोडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, आता फक्त पावलं उरलीत आणि वर नावं, सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. वाचून गेले नसते तर ती पावलं मला दिसलीच नसती, खरंच, इतकी झिजलीत. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण सगळ्यांना माहीत असतो, आतली भिंत कुणी बघत नाही याचं वाईट वाटतं.

घरी वर्षभर उशाशी दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' होतं. त्यात एकेका महिन्यावर एकेक लेख आहे, तर तो तो महिना लागला की तो लेख वाचायचा, पुढचा उघडायचा नाही. चैत्रात सुरू केलं. याचा फायदा असा झाला की शनिवारी कुठे जाता आलं नाही तरी ऑफिसच्या रस्त्यावरची झाडं बघायची सवय लागली.

हरिश्चंद्रगडाला ऑक्टोबरात गेलो. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी तेव्हाही हाडं गोठवणारं होतं. सकाळी कोकणकड्यावर इंद्रवज्राची, म्हणजे दरीतल्या धुक्यावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची वाट बघत बसलो, इंग्रज अधिकारी कर्नल साईक्सला ते १८३५ साली दिसलं होतं म्हणतात, पाठीमागे सूर्य आणि समोर दरीत धुकं हवं, आमच्या वेळी दरी एकदम स्वच्छ. मग अख्खा कडा बघायला मिळाला, तेही काही कमी नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा आनंद झालाच. त्या निमित्ताने सभासदाची बखर, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेलं शिवाजी महाराजांचं चरित्र, वाचायला काढली, कारण ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली ती जिंजीलाच. छोटीशी आहे, एका वीकेंडला वाचून होते, भाषा पहिली काही पानं जड जाते आणि मग तिची लय सापडते. मी ती राजगडावर घेऊन गेले. पद्मावती माचीवर संध्याकाळी मोठ्याने वाचत होते तर शेजारच्या ग्रुपमधली दोन मुलं येऊन बसली, त्यातला एक म्हणाला "ताई, परत एकदा वाचा ना ते". त्यांनी आपला स्पीकर स्वतःहूनच बंद केला होता. गडावर स्पीकर लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, पण त्या दिवशी कळलं की त्यातल्या काहींना कुणी दुसरं काही दिलेलंच नसतं.

त्या बखरीत साल्हेरच्या लढाईचं वर्णन आहे, १६७२ सालची, मोगलांशी उघड्या मैदानात झालेली, धुरळा इतका उडाला की तीन कोसांत आपला कोण परका कोण दिसेना असं सभासद लिहितो. साल्हेर हा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, आणि आम्हाला नाशिककडचं ते बागलाण लांब पडतं म्हणून नेहमी राहून जातं. आता जानेवारीत जोडून सुट्टी आहे, साल्हेरवाडीतून चढायचं, वर परशुरामाच्या देवळापाशी बसून ती पानं वाचायची आणि खालचं ते मैदान नीट बघून घ्यायचं. आईपण म्हणतेय की गडावर नाही चढणार पण पायथ्यापर्यंत येते, तेव्हा बखरीची दुसरी प्रत तिच्यासाठी घेतलीये.