लान्स रेडिक मला उलटा भेटला

बहुतेकांना अमेरिकन अभिनेता लान्स रेडिक माहितीये तो 'द वायर' या टीव्ही सिरीजमधला लेफ्टनंट डॅनियल्स म्हणून, नाहीतर 'जॉन विक' सिनेमांमधल्या हॉटेलचा तो शांत रिसेप्शनवाला शॅरन म्हणून. मला मात्र तो आधी कानातून भेटला, हेडफोन घालून 'डेस्टिनी' खेळताना. २०१४ चा व्हिडिओ गेम, त्यात कमांडर झवाला नावाचा निळसर कातडीचा टकला सेनापती, आवाज रेडिकचा, आणि मंगळावर कबाल सैन्याशी आपलं युद्ध सुरू झालंय हे सांगणारं त्याचं भाषण एका स्ट्राइकच्या (म्हणजे शेवटी बॉसला हरवायच्या छोट्या मोहिमेच्या) सुरुवातीला लागायचं. आता ती स्ट्राइक लूटसाठी, म्हणजे बक्षीस मिळणाऱ्या वस्तूंसाठी, परत परत खेळावी लागायची म्हणजे भाषणही तेवढ्याच वेळा. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर वैतागून म्यूट केलं असतं, याचं पाठ झालं. आणि मी एकटाच नाही हं, जगभरच्या प्लेयर्सनी त्या वाक्यांचे मीम केले.

मग बऱ्याच उशिरा 'द वायर' बघायला घेतली (२००२ ते २००८ चालली ती, मी केव्हाचा मागे!) आणि डॅनियल्सनं तोंड उघडल्याबरोबर मी पॉज केलं, अरे हा तर झवाला! तीच ताठ मान, तेच मोजून बोलणं. तिथं निम्मं काम तो नुसत्या नजरेनं करतो. गेममध्ये नजर नाही, मग ते सगळं आवाजात कुठून आणलं असेल? माझा आपला एक अंदाज आहे, तो आधी संगीत शिकला होता, रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये, अ‍ॅक्टिंगसाठी येलला गेला ते नंतर. कुठं थांबायचं हे त्याला कळायचं ते तिथूनच आलं असणार.

गेमचं डबिंग म्हणजे सोपे पैसे असं अजून लोकांना वाटतं. बऱ्याचदा समोर कुणी नसतं, बूथमध्ये एकटाच, हातात वाक्यांची लांबच्या लांब यादी आणि तीही उलटसुलट क्रमानं. प्लेयर काय करेल त्याचा भरवसा नसतो म्हणून तेच वाक्य वेगवेगळ्या मूडमध्ये. वर ओरडणं, मार खाणं, पडणं, मरणं, त्यात घसा पार जातो. २०१६-१७ मध्ये अमेरिकेत व्हॉइस अ‍ॅक्टर्सनी गेम कंपन्यांविरुद्ध संप केला त्यात घशावर येणारा ताण हाही एक मुद्दा होता.

'होरायझन झीरो डॉन' या गेममधला सायलेन्स तर मला झवालापेक्षा भारी वाटतो. चेहरा रेडिकचाच, पण बहुतेक वेळ तो गेमची नायिका एलॉय हिच्या कानात बोलणारा आवाज, सगळं माहीत असून अर्धंच सांगणारा आगाऊ माणूस. 'क्वांटम ब्रेक'मध्ये तर गेमच्या मधेमधे खरे शूट केलेले एपिसोड होते, तिथं तो एकाच गोष्टीत दोन्हीकडे. आणि २०२२ मध्ये उलटी गंमत, 'रेसिडेंट ईव्हिल' या गेममधला वेस्कर त्यानं सिरीजमध्ये केला. सिरीज एका सीझनमध्येच गुंडाळली, मलाही झेपली नाही, पण तो होता म्हणून शेवटपर्यंत बघितली.

१७ मार्च २०२३ ला तो गेला. साठ वर्षांचा फक्त. 'जॉन विक'चा चौथा भाग यायला एक आठवडा होता. तो स्वतःही डेस्टिनी खेळायचा, त्यामुळे प्लेयर्सना तो आपल्यातला वाटायचा. बातमी कळल्यावर मी गेम लावला तर टॉवरमध्ये, म्हणजे सगळे प्लेयर्स जिथं जमतात त्या जागी, झवालासमोर ही गर्दी, कुणी गुडघ्यावर, कुणी सॅल्यूट करतंय, आणि बोलत कुणीच नाही. मी पण उभा राहिलो. गेममध्ये रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढं झवालाचा आवाज कीथ डेव्हिडनं घेतला. तोही कसलेला माणूस, 'द थिंग' सिनेमापासून 'हेलो' गेममधल्या आर्बिटरपर्यंत सगळीकडे दिसलेला आणि ऐकलेला. डेस्टिनीच्या २०२४ मध्ये आलेल्या 'द फायनल शेप' या भागात त्यानं नक्कल करायचा प्रयत्न केला नाही हे बरं केलं, छान जमलंय त्याला. तरी मी अधूनमधून जुना डेस्टिनी लावतो, मंगळावरची ती स्ट्राइक. काल पण लावली, भाषण ऐकलं आणि बॉसपर्यंत न जाताच बंद केली.