दाजी, जरा चावी द्या

शेजाऱ्याकडे शिडी मागायला गेलेला माणूस आधी दारात उभा राहतो, घरच्यांची विचारपूस करतो, चहाला एकदा नको म्हणतो आणि मग मूळ विषयावर येतो; मोटारसायकल मागणारा मात्र पायांत चपला सरकवता सरकवताच हात पुढे करतो. "दाजी, जरा चावी द्या, आलोच" एवढ्यात त्याचा सगळा अर्ज संपतो, आणि त्यातल्या ‘आलोच’ची मुदत कोपऱ्यावरच्या पानपट्टीपासून शेजारच्या तालुक्यातल्या साखरपुड्यापर्यंत कितीही ताणता येते. कोल्हापुरात राहणाऱ्या, आणि त्यातही जुनी बुलेट बाळगणाऱ्या माणसापुढे हा प्रसंग वर्षभर येत असतो. यात्रेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत तर तो रोजचाच होतो. गाडी दिली तर दिलदार आणि नाही दिली तर कंजूष, असा त्याचा सरळ हिशेब लोक करतात. मला यात मनाच्या मोठेपणाचा फारसा संबंध दिसत नाही. चावी घेणाऱ्याला त्या विशिष्ट गाडीविषयी काय ठाऊक आहे, आणि जे ठाऊक नाही ते विचारण्याची त्याची तयारी आहे का, यावरच मी बहुतेक वेळा ठरवत आलो आहे.

आपल्याकडे सरळ नकार देणे उद्धटपणाचे मानले जाते, म्हणून गाडीवाले सबबींवर भागवतात. पेट्रोल रिझर्व्हला लागले आहे, विमा संपला आहे, चावी भावाच्या खिशात गेली, क्लचची केबल तुटायला आली आहे, अशी ही परंपरागत यादी आहे. सबबीची अडचण अशी की ती समोरच्याला उपाय सुचवते. पेट्रोल नाही म्हटले की तो "मी टाकतो की" म्हणतो, आणि चाक पंक्चर आहे म्हटले तर गाडी ढकलत दुकानापर्यंत नेण्याची तयारी दाखवतो. मग टणक हवा भरलेल्या चाकाकडे दोघांनाही गंभीर चेहऱ्याने पाहावे लागते. त्यापेक्षा "ही गाडी मी देत नाही" असे शांतपणे सांगितलेले बरे. त्याने नाते दोन दिवस ताणते खरे, पण पुढच्या वेळी तो गृहस्थ आपण होऊन दुसऱ्याच्या दारी जातो.

माझ्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आहे आणि मागच्या चाकाचा ब्रेक डाव्या पायाशी. जुन्या ब्रिटिश गाड्यांची ही रचना मद्रासच्या कारखान्याने कित्येक दशके तशीच चालू ठेवली. पहिला गिअर दांडा वर उचलून पडतो आणि पुढचे तिन्ही खाली दाबून. आज रस्त्यावर धावणाऱ्या जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींवर गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असतो, हे ज्याच्या पायात मुरलेले आहे तो माझ्या गाडीवर बसला की पहिला अर्धा किलोमीटर सावध असतो; रस्ता मोकळा असतो, वेग बेताचा असतो आणि फरक लक्षात ठेवायला डोक्याला सवड असते. मग रंकाळ्याच्या वळणावर एखादी म्हैस आडवी येते किंवा रिक्षा हात न दाखवता वळते, आणि अशा वेळी पाय डोक्याला विचारायला थांबत नाही. उजवा पाय सवयीने खाली दाबला जातो, तिथे गिअरचा दांडा असतो, आणि थांबायला हवी ती गाडी वरच्या गिअरमध्ये जाऊन पडते. चालवणारा वर्षानुवर्षे गाडी चालवणारा असेल तर धोका अधिकच असतो, कारण त्याची सवय तितकीच पक्की असते. "मला सगळ्या गाड्या येतात" म्हणणाऱ्याला मी चावी देत नाही, याचे कारण हे आहे; त्याच्या कौशल्याविषयी मला शंका नसते, भीती त्या कौशल्याचीच असते.

चालू करण्याचाही एक विधी आहे. चावी फिरवायची, डिकॉम्प्रेसरची, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी, छोटी तरफ दाबून धरायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू खाली न्यायची, तरफ सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून एकच किक मारायची. हे न करता जो नुसत्या ताकदीवर भरवसा ठेवतो त्याच्या नडगीवर किक उलटी येते, आणि त्या पायाने तो पुढचे दोन दिवस मंडळाच्या कट्ट्यावर लंगडत फिरतो. बटण दाबून गाडी सुरू करणाऱ्या पिढीला हे सांगितले की ती हसते. हसण्याला हरकत नाही. पण हसून झाल्यावर "पुन्हा एकदा दाखवा" म्हणणारा एखादाच असतो, आणि तो मला त्या क्षणी आवडू लागतो.

हा सगळा प्रकार फक्त जुन्या बुलेटचा आहे असे कोणी समजू नये. साध्या स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, तर बऱ्याच मोटारसायकलींवर पहिला खाली आणि बाकीचे वर उचलून. एकीवरून दुसरीवर आलेला माणूस गिअर वाढवायला म्हणून पाय उचलतो आणि गाडी एकदम खालच्या गिअरमध्ये ओढली जाते. पावसाळ्यात एवढा हिसका मागचे चाक घसरायला पुरेसा असतो. ब्रेकचीही तीच गत आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले आहे, त्यामुळे आजच्या मुलांच्या हाताला ब्रेकची मूठ पूर्ण आवळायची सवय लागली आहे आणि चाक जाम होऊ न देण्याचे काम यंत्र करते. जुन्या ड्रम ब्रेकवर ते काम चालवणाऱ्याच्या बोटांना करावे लागते. ओल्या डांबरावर ही बोटे काय करतील, हे चावी देताना मला कळायला मार्ग नसतो.

जुनी गाडी विकणारे ‘सिंगल हँड’, म्हणजे एकाच हातची, असे अभिमानाने सांगतात, आणि आमच्या फिटरचेही ठाम मत आहे की गाडीला मालकाचा हात ओळखता येतो. माझा यावर अर्धाच विश्वास आहे. अर्धा क्लच दाबून धरून चालवण्याची सवय असलेल्याने घाटात गाडी नेली तर क्लच प्लेटा लवकर जातात, हे खरे आहे आणि त्याचे बिल मालकाच्या हातात येते. गाडी थंड असताना इंजिन ओरडेपर्यंत रेस करणाऱ्यालाही मी दुरूनच नमस्कार करतो. बाकी, दुसऱ्याने एकदा चालवली म्हणून गाडी ‘बिघडते’ वगैरे गोष्टी दसऱ्याला हँडलला बांधलेल्या झेंडूच्या माळेइतक्याच भाविक आहेत. त्यांचा मान राखावा, पण त्यांच्या आधाराने कोणाला नकार देऊ नये.

गाडीपेक्षा माणसाची काळजी अधिक असते, आणि तिथे कायदाही आपल्याला मोकळे सोडत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल तर त्याच दुरुस्तीने आणलेले कलम 199 अ लागते आणि पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना नाही, अशी ती शिक्षा आहे. दहावीचा निकाल लागल्यावर भाच्याला "जा, एक चक्कर मारून ये" म्हणणाऱ्या मामांच्या कानावर हे कलम क्वचितच आलेले असते. माझ्या बहिणीला मी ते वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू निकालाच्या दिवशी पेढ्यांबरोबर कायदा वाटतोस." भाचा चक्कर न मारता घरी गेला, हे महत्त्वाचे.

विम्याची बाब त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. दुचाकीच्या विम्याबरोबर मालकासाठी जे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मिळते, ते मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल तरच लागू होते. उसनी गाडी नेणाऱ्या मेव्हण्याला ते लागू नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात दुसऱ्याची मोटारसायकल उसनी घेऊन निघालेला एक माणूस बैलगाडीला धडकून मरण पावला होता. 2009 साली न्यायालयाने म्हटले की गाडी उसनी घेणारा मालकाच्याच जागी येतो, त्यामुळे त्याच्या वारसांना, चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम 163 अ खाली, त्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येत नाही. गाडी देताना आपण किती दिलदार आहोत याचा विचार करणाऱ्याने तिच्याबरोबर काय जात नाही, हेही एकदा पाहावे. चालकाकडे परवाना नाही हे ठाऊक असूनही गाडी दिली असेल, तर धडक बसलेल्या तिऱ्हाइताला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते, हा भाग निराळाच.

त्यामानाने ई-चलन ही करमणूक आहे. दंडाचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो, सोबत छायाचित्रही असते, आणि विटा आणायला म्हणून उचगावला निघालेली गाडी सांगलीच्या सिग्नलवर तिघांना घेऊन झेब्रा पट्ट्यावर उभी असल्याचे घरबसल्या कळते. छायाचित्रातल्या मधल्या माणसाने माझेच हेल्मेट घातलेले असते. चुलतभावाला फोन केला तर तो आधी आश्चर्य व्यक्त करतो, मग कॅमेऱ्याला दोष देतो आणि शेवटी "पाठवतो दादा पैसे" म्हणतो. हे पैसे येत नाहीत, आणि नात्यात ते मागताही येत नाहीत.

म्हणून कोणालाच देऊ नये, असे मात्र मला म्हणवत नाही. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुढे कित्येक महिने रेंगाळला, तेव्हा आमच्या गावाकडे मोटारसायकल ही कोणा एकाची वस्तू राहिलीच नव्हती. कॉलेजची परीक्षा, डायलिसिसची तारीख, बाजारात न्यायचा भाजीचा बोजा, या सगळ्यांसाठी चाव्या घराघरांतून फिरत होत्या, आणि कोणाच्या गाडीत कोणी पेट्रोल टाकले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. घरकामाला ठेवलेली आमची स्प्लेंडर त्या काळात आमच्या अंगणात फक्त रात्री दिसे. बुलेट मी तेव्हाही दिली नाही आणि कोणी मागितलीही नाही. गरज खरी असली की माणूस साधी गाडी मागतो, हे मी त्या दिवसांत पाहिले.

चावी न देताही मदत करता येते, आणि आपल्याकडे ती रीत जुनी आहे: "चल, मी सोडतो." रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचे असेल तर घाबरलेल्या माणसाच्या हातात अनोळखी गाडी देण्यापेक्षा त्याला मागे बसवून नेणे केव्हाही शहाणपणाचे. गोव्याने तर याचा रीतसर धंदाच केला आहे. पिवळ्या मडगार्डचा पायलट गाडीसकट स्वतः भाड्याने येतो; आणि ज्याला स्वतःच चालवायची हौस आहे त्याला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी भाड्याने मिळते. ती देणारा आधी परवाना पाहतो, टाकीवरचे ओरखडे मोबाइलवर टिपून घेतो, पेट्रोलचा काटा दाखवतो आणि अनामत ठेवून घेतो, आणि पर्यटक निमूटपणे सगळे करतो. यातले निम्मे जरी मी मेव्हण्याबाबत केले तरी पुढच्या राखी पौर्णिमेपर्यंत सासुरवाडीशी बोलणे बंद होईल.

परतलेल्या गाडीबद्दल माझ्या अपेक्षा फार नाहीत. आरसे फिरवलेले असतात, ते मी नीट करून घेतो. टाकी भरून आणावी असा माझा आग्रह नाही, उलट भरून आणणाऱ्याचा मला संकोच वाटतो. पण पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला असेल तर ते सांगावे, कारण न सांगता ठेवलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या पुलावर मधोमध बंद पडते आणि तेव्हा फिरवायला कॉकची पुढची जागा उरलेली नसते. गाडी पडली असेल तर तेही सांगावे. वाकलेली क्लचची तरफ हाताने सरळ करून, चिखल पुसून, जखमी बाजू भिंतीकडे करून गाडी लावणाऱ्याला मी रागावत नाही, पण त्याचा हात पुढे आला की मला ती भिंत आठवते.

आमच्या शेजारचे निवृत्त सर मात्र मागतानाही वर्गात तास घ्यावा तसे मागतात. त्यांना एकदा तातडीने स्टेशनवर जायचे होते. गिअर कोणत्या पायाशी, पहिला वर की खाली, पुढचा ब्रेक किती धरतो, काटा कुठवर आणायचा, कॉक कोणीकडे फिरवायचा, हेडलाइटचा स्विच कुठे आहे, असे सगळे त्यांनी विचारले, दोनदा विचारले, आणि डावा-उजवा पाय हवेत हलवून पाहिला. माझ्या सगळ्या कसोट्यांना ते उतरले होते, म्हणून मी आनंदाने चावी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, क्षणभर बुलेटकडे पाहिले, आणि चावी मला परत देत म्हणाले, "अहो, एवढं सगळं ऐकल्यावर तुम्हीच सोडा की मला."