उतारावरची शेड: आधी पाण्याला वाट, मग जागेला सपाटी

कोकणात घराच्या मागे जागा असते, पण ती बहुतेक वेळा उतरती असते. कोयते, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवायला दहा बाय बाराची शेड हवी असते आणि ती उभी करणारा फॅब्रिकेटर दोन दिवसांत काम उरकतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मात्र दरवाजा घासायला लागतो, एक कोपरा बसतो, खताच्या गोणीचं बूड ओलं लागतं. यात पत्र्याची किंवा पाइपची काही चूक नसते. शेड जिच्यावर उभी आहे ती जागाच नीट केलेली नसते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारावरच्या शेडला हे पाणी तीन बाजूंनी भिडतं: चढाकडून वाहत येणारं, छपरावरून पडणारं आणि जमिनीतून पाझरणारं. माणसं छपरावरच्या पाण्याचा विचार करतात, कारण ते दिसतं. सगळ्यात जास्त नुकसान चढाकडचं पाणी करतं. म्हणून माझा आग्रह असा की जागा सपाट करण्यापूर्वी वरच्या अंगाचा चर खणायचा आणि जमलं तर एक पाऊस त्या चरावर काढायचा. चर आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, आधी, पाहणी पावसात, खोदाई आणि भर दिवाळीनंतर. जमीन तेव्हा जरा ओलसर असते, कुदळ लागते आणि माती चोपली की बसते. मे महिन्यात तीच माती दगडासारखी कडक असते, खणली की धूळ होते आणि धूळ कितीही चोपली तरी बसत नाही.

जागा निवडताना पावसात छत्री घेऊन एक फेरी मारा. पाऊस थांबल्यावर पातेरा, म्हणजे गळलेली पानं, कुठे रेघेने साचलाय ते पाहा, ती पाण्याची वाट. जिथे पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पायाखाली पाणी येतं, तिथे उपळ, म्हणजे जमिनीतला झरा, फुटतो. अशी जागा सोडून द्या, तिथे कितीही खडी ओतली तरी कमीच पडते. बाकी ठिकाणी एक साधी परीक्षा करा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात गेलं तर जमीन पाणी पिते. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसलं तर खाली चिकण किंवा शेडी आहे असं समजा. जांभ्याच्या थराखालची ही पांढुरकी-जांभळट शेडी माती सुकी असताना भक्कम वाटते आणि भिजली की लोण्यासारखी सुटते. खोदताना ती लागली तर तिथेच थांबा, आणखी खोल जाऊ नका.

आता मापं. उतार डोळ्याने मोजू नका, डोळा हमखास फसतो. दहा-बारा मीटर पारदर्शक लेव्हल पाइप घ्या आणि पाणी एका टोकाकडून सावकाश भरा, म्हणजे आत बुडबुडा राहणार नाही. एक बुडबुडा राहिला तरी दोन टोकांच्या पाण्यात बोटभर फरक पडतो आणि कारण काही सापडत नाही. पाइप उन्हात पडू देऊ नका, टोकं उघडी ठेवा आणि दोन्हीकडचं पाणी हलायचं पूर्ण थांबल्यावरच खुंटीवर खूण करा. काटकोनासाठी ३-४-५: एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजून ताळा घ्या.

१० बाय १२ च्या शेडला जागा १४ बाय १६ ची धरा, म्हणजे चारी बाजूंना दोन फूट मोकळे राहतात. शेडची १२ फुटांची बाजू उताराला आडवी ठेवा, म्हणजे उताराच्या दिशेने १४ फूटच सपाट करावे लागतात. उतार आठाला एक, म्हणजे आठ फुटांना एक फूट, असेल तर १४ फुटांत २१ इंचांचा फरक येतो. इथे दोन मार्ग. अर्धं खोदून अर्धी भर करायची तर वर साडेदहा इंच खोदाई, खाली साडेदहा इंच भर आणि माती निघते सुमारे ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. सगळीच खोदाई करायची तर वरच्या कडेला २१ इंच खोल जावं लागतं आणि माती निघते जवळजवळ दोन ब्रास. काम चौपट वाढतं. तरी लहान शेडसाठी मी दुसराच मार्ग सांगेन, कारण मग अख्खी शेड मूळ जमिनीवर बसते. अर्धी भर, अर्धी खोदाई असली की शेडचा एक पाय कातळावर आणि दुसरा कालच्या मातीवर. भर बसते, कातळ बसत नाही, आणि फ्रेम पिळते. दरवाजा घासतो तो इथे. निघालेली माती खालच्या आळ्यांना, बांधांना कामी येते. फक्त कलमांच्या बुंध्याशी ढीग लावू नका, साल कुजते.

भर टाळता येत नसेल तर ती सहा-सहा इंचांच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर धुम्मसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्याने, चोपा. दोन फूट एकदम ओतून वरून चोपलं तर वरचे चार इंच घट्ट होतात, खालचं सगळं पोकळ राहतं. मातीचा ओलावा मुठीत कळतो. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये आणि लाडू कमरेच्या उंचीवरून टाकला की तुकडे झाले पाहिजेत. लाडू चपटा होऊन चिकटला तर माती जास्त ओली आहे, एक दिवस वाळू द्या. वळलाच नाही तर झारीने पाणी शिंपडा. भरीच्या आधी मूळ जमिनीवरचं गवत, मुळं, पातेरा खरवडून काढा आणि उताराला आडव्या पायऱ्या मारा. गुळगुळीत उतारावर टाकलेली भर पहिल्या मोठ्या पावसात सरकते. भरीवर निदान एक पावसाळा जाऊ द्या, मगच शेड उभी करा.

भरीच्या खालच्या कडेला बांध लागतो. त्यासाठी चिऱ्याचा कोरडा गडगा, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेली जांभ्या दगडाची भिंत, उत्तम, कारण त्याच्या सांध्यांतून पाणी आपोआप बाहेर येतं. पहिली रांग सहा इंच जमिनीत पुरा, तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको आणि तोंड आतल्या बाजूला थोडं कलतं ठेवा. मागे एक फूट रुंद खडी भरा. सिमेंटने बांधायचा असेल तर खालच्या जमिनीच्या जरा वर दर चार-पाच फुटांवर तीन इंची पाइपचे तुकडे घाला, नाहीतर मागे अडलेलं पाणी भिंतीला ढकलून पाडतं. तीन फुटांच्या वरचा बांध इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घालू नका. आणि उतार चाराला एक किंवा त्याहून तीव्र असेल तर खोदाईच्या भानगडीत पडू नका. पक्क्या जमिनीपर्यंत नेलेल्या खांबांवर शेड उभी करा, खालून पाणी खुशाल जाऊ दे.

आता चर. खोदाईच्या वरच्या कडेपासून पाच-सहा फूट वर, चंद्रकोरीसारखा: मध्यभागी उंच, दोन्ही टोकांकडे उतरता. कडेला अगदी लागून काढला तर त्यातलं पाणी खोदलेल्या तोंडातूनच, म्हणजे खोदाईच्या उघड्या मातीच्या भिंतीतूनच, पाझरून बाहेर येतं. रुंदी एक फूट, खोली आठ-नऊ इंच, उतार दहा फुटांना दीड ते दोन इंच. निघालेली माती चराच्या खालच्या काठावर चोपून बसवा. यापेक्षा जास्त उतार दिला तर पाणी तळ खात जातं आणि दोन पावसांत चराचा ओहोळ होतो. तसा उतार द्यावाच लागला तर तळाला दगड बसवा.

मापाची काळजी नको. चराच्या वर दोन गुंठे, म्हणजे साधारण २०० चौरस मीटर जमीन असेल आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर तासाला १०,००० लिटर पाणी येतं, सेकंदाला तीन लिटरच्या आत. एवढा चर त्याच्या कित्येक पट पाणी नेतो. चर तुंबतो तो पातेऱ्याने. म्हणून टोकाच्या आधी दीड-दोन फुटांचा खड्डा ठेवा, गाळ आणि पानं त्यात बसतील. टोकाला पाणी पडतं तिथे गोटे किंवा चिऱ्याचे तुकडे अंथरा. पाणी आपल्याच हद्दीत जिरवा किंवा गावच्या वहाळाकडे न्या. शेजाऱ्याच्या बागेत सोडलेलं पाणी पुढे वर्षानुवर्षं बोलणं लावतं.

तळ तयार करताना मातीचा पृष्ठभाग अगदी सपाट ठेवू नका. चढाकडून उताराकडे १४ फुटांत तीन इंच कल द्या आणि खडी वरून सपाट करा, म्हणजे वरच्या बाजूला चार इंच आणि खालच्या बाजूला सात इंच खडी येईल. हिशोबाने एक ब्रास होते. चोपून बसते म्हणून सव्वा ब्रास मागवा. पाऊण इंची स्वच्छ खडी घ्या, डस्ट मिसळलेली नको, ती ओल धरून ठेवते. माती चिकण असेल तर खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, नाहीतर माती वर येऊन खडीत मिसळते.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. खडी पसरू नये म्हणून चारी बाजूंनी चिऱ्याची किनार लावतात आणि सांधे सिमेंटने बंद करतात. झाली टाकी तयार. खडी पाणी काढून टाकत नाही, ती पाण्याला फक्त थांबायला जागा देते. बाहेर जायची वाट आपणच ठेवायची. खालच्या किनारीत दर तीन फुटांवर दोन बोटं फट सोडा आणि तिच्या आतल्या बाजूला मोठे दगड लावा. काम झाल्यावर वरच्या कोपऱ्यात चार-पाच बादल्या ओता. पाणी खालच्या फटींतून झिरपताना दिसलं पाहिजे. जमीन पाणी पिणारी असेल तर ते वाटेत जिरेल, तेही चालेल. मधेच कुठे डबकं दिसलं तर खडी बाजूला सारून तळाचा कल पुन्हा तपासा.

खडीवर चिऱ्याचं जोतं एक फुटाचं घ्या. पागोळ्यांचे शिंतोडे सहज फूटभर उडतात; कुठल्याही जुन्या भिंतीवर लाल मातीची ती पट्टी बघा, तेवढ्या उंचीपर्यंत पत्रा आणि लाकूड सगळ्यात आधी खराब होतं. जोत्यावर शेड बसवण्यापूर्वी वाळवीचं औषध मारून घ्या.

एकपाखी छप्पर उताराच्या दिशेने उतरतं ठेवा, म्हणजे पागोळ्या खाली पडून पुढे जातात. एक-एक फूट बाहेर काढलेल्या छपराचं माप १२ बाय १४ होतं. १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी त्यावरून दीड हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. पन्हळ लावली नाही तर पागोळ्यांखाली दीड फूट रुंद गोट्यांचा पट्टा हवाच. खाली भर असेल तर मात्र पन्हळ लावून पाणी बांधाच्या पलीकडे न्या. दरवाजा चढाच्या बाजूला नको आणि पश्चिमेलाही नको, झड थेट आत येते. आपल्याकडचे बरेचसे उतार पश्चिमेकडे उतरतात, तिथे उत्तरेकडचा दरवाजा बरा.

खोदलेलं तोंड उभं कापू नका, थोडं कलतं ठेवा आणि त्याच्या वरच्या कडेला वाळा लावा. रोपं वीतभर अंतरावर, मृगाचा पाऊस लागला की लगेच. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. तोंड आणि शेडची भिंत यांच्यामधले दोन फूट सामान ठेवायला वापरायचा मोह होईल. ते मोकळे ठेवा, तिथूनच पायथ्याची छोटी मोरी काढायची असते आणि तिथेच वाकून पातेरा काढायचा असतो. चर आणि गाळाचा खड्डा मेच्या शेवटी साफ करा आणि जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा, कारण पहिल्या जोरदार पावसात सगळ्यात जास्त गाळ येतो. तेव्हाच तोंडाच्या पायथ्याशी बघा. पाऊस उघडून दिवस झाला तरी तिथे पाणी ठिबकत असेल तर वरच्या चराचा तळ कुठेतरी फुटलाय. तेवढा भाग उकरून चिकण मातीने चोपून घ्या.